सातव्या ग्रीनच्या मागं

नकाशा नव्हता.
क्लबाच्या कपाटात कसरीनं चाळण केलेला एक निळा कागद,
पाइपलाइन कुठून कुठं जाते ते त्या कसरीलाच ठाऊक.

म्हणून दस्तूरसाहेबांनी गेनू ढेबेला निरोप धाडला.
सहा वर्षं झाली होती त्याला घरी बसवून.
आला तो अनवाणी.
गवतावर चपला चालत नाहीत, हा नियम
पाटीवरून पुसला गेला, त्याच्या तळव्यांत राहिला.

आश्विन. महाबळेश्वरचा पाऊस नुकताच घाट उतरलेला,
कड्यावर सोनकी अजून पिवळी,
आणि दुपारचं ऊन असं की जांभ्यालाही घाम यावा.
पोरं ग्रीनला भोकं पाडत होती,
पोकळ दात्यांचं मशीन, टकटक, टकटक,
बोटाएवढ्या मातीच्या कांड्या वर येत
तांबड्या, ओल्या, मुळांची लव लागलेल्या.
कांड्या गोळा करायच्या, भोकांत वाळू लोटायची,
मग बी. मग पाणी.

पाण्याचं काम माझं.
मी वाईचा, नालबंद.
आजोबा इथल्या घोड्यांना नाल ठोकायचे,
मी काळ्या पाइपाची दोन तोंडं तव्यावर तापवतो,
एकमेकांत दाबतो,
आणि निवेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही.

गेनू पुढं, मी मागं, चुन्याची पिशवी घेऊन.
पाय टेकवून थांबायचा. "हितं वळतीया."
खणलं की वळत असायची.
"कसं कळतं, मामा?"
"पायपावरचं गवात लाडावल्यालं आस्तंय."
शंका आली तर काठी होती, करवंदीची,
एक टोक जुन्या लोखंडावर, दुसरं कानामागच्या हाडाला.
मलाही दिली.
आत कुणीतरी तांदूळ धूत होतं.

सातव्या ग्रीनच्या मागं मात्र तो थांबला नाही.
थांबला नाही, म्हणून मी थांबलो.
उतारावर दोन खाटांएवढा पट्टा, नको इतका हिरवा.
काठी टेकवली.
तांदूळ नव्हते हे.
हे सांडत होतं.

"अकरा वर्सं," पाठमोराच बोलला गेनू.
"गळती काढली म्हून दर उन्हाळ्याला
रजिस्टरात अंगठा हाय माझा."
खाली कड्याच्या पोटात वाडीचा झरा.
एप्रिलात आटायचा. एका सालापासून आटेनासा झाला.
बायांनी देवीला नारळ फोडला.
"खोबरं मी बी खाल्लं. काय सांगणार?"

त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ
वाळूच्या भावाबद्दल बोललो.

कोजागिरीला टेस्टिंग.
वर व्हरांड्यात मेंबरांचं मसाला दूध,
खाली चरात मी, बॅटरी, आणि घड्याळाएवढा गेज.
सहा किलो दाब भरला.
काटा हलता कामा नये.
एक तास. दोन तास.
चंद्र हलला, काटा नाही.
"एक थेंब नाही, नालबंद!"
"एक थेंब नाही, साहेब."

गेनूनं नव्या पाइपाला काठी लावली, ऐकलं,
दुसऱ्या कानानंही ऐकलं.
"मुका हाय ह्यो," म्हणाला,
आणि दुधाचा पेला तसाच ठेवून निघून गेला.
काठी चरातच राहिली. ती आता माझ्या टेम्पोत आहे,
स्पॅनरांच्या खाली.

आता नकाशा आहे. रंगीत, लॅमिनेट केलेला,
प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर.
सातव्याच्या मागं एक टी दाखवलाय, अर्धा इंची,
तोंडाला बूच.
समोर मी लिहिलंय: पुढील जोडणीसाठी.
बिलात एकशे चाळीस रुपये, दस्तूरसाहेबांनी सही केली,
विचारलं काहीच नाही,
किंवा विचारायचं नाही असं ठरवलं असेल.

बी उगवून आलंय. पहिली कापणी दिवाळीआधी.
बूच हातानं निघत नाही, त्याला पाना लागतो.
एप्रिलला अजून सहा महिने आहेत.