वासी उत्तरायणानंतर

सतरा जानेवारीला बडोद्याच्या झाडांवर
पानांपेक्षा पतंग जास्त असतात.
दांडिया बाजारामागच्या आमच्या गल्लीत
पोरं बांबू घेऊन हिंडतात,
पत्र्यांवरचं, चाफ्याच्या बेचक्यातलं
फाटकं-तुटकं सगळं उतरवतात
(तारांवरचे राहू द्या रे, मी दरवर्षी ओरडते)
आणि माझ्या ओट्यावर आणून ओततात.
बोटांना पट्ट्या. नाकांवर अजून गच्चीचं ऊन.

कागद सोलायचा, काड्या ठेवायच्या.
प्रत्येक पतंगात दोन:
एक सरळ, तिला इथे ढड्ढा म्हणतात,
एक वाकलेली, ती कमान.
कमान हा शब्द मी एकतीस वर्षं लिहिला
बांधकाम खात्याच्या ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईत,
पुलाच्या पोटाखाली.
तोच शब्द वाऱ्याच्याही कामाला येतो
हे निवृत्तीनंतर लक्षात आलं.

आधी मनोरा केला होता, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा.
सपाट कागद मान टाकतो,
तोच गुंडाळला की ताठ उभा राहतो,
यावर पोरांचा पहिला दिवस गेला.
पहिला मनोरा पंख्याने पाडला. दोष पंख्याला.
दुसरा पडला तेव्हा पंखा बंद होता.
मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

तस्नीमने चार काड्यांचा चौकोन बांधला,
एका बोटाने ढकलला,
तो बसमधल्या पेंगणाऱ्या माणसासारखा
शेजारच्या हवेवर कलला.
मी काही शिकवलं नाही. एवढंच विचारलं,
कुठे दुखतंय त्याला?
अन्वितने बराच वेळ पाहिलं
आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात
एक काडी आडवी घातली.
पुन्हा ढकललं. पुन्हा.
मग तिघांनी मिळून.
चौकोन कुणाचंही ऐकतो बिचारा.
त्याच्या पोटात दोन त्रिकोण बसले की नाही ऐकत.

पूल करायला चार दिवस लागले.
मैद्याची खळ, मांजा नको म्हणून साधा पांढरा दोरा,
प्रत्येक गाठीवर कुणाच्या तरी दाताची खूण.
दोन स्टुलांमध्ये हातभर मोकळी जागा,
खाली निळी ओढणी, ती विश्वामित्री,
आणि ओढणीवर रबरी मगर,
कारण मगरीशिवाय ती नदी कुणी ओळखणार नाही,
असं हेत्वीचं मत.

वजनं हेत्वीच्या वडिलांच्या दुकानातली,
खाखरे तोलायची लोखंडी मापं,
दिवे लागायच्या आत परत करायच्या बोलीवर.
दोन किलोचं ठेवलं. पुलाने दखल घेतली नाही.
दुसरं दोन किलोचं. मधोमध किंचित वाकला.
एक किलोचं. आता सगळ्यांचे श्वास त्याच्यावर.
अन्वितच्या हातात अर्ध्या किलोचं माप, चेहऱ्यावर सण.
पुलाचा एक शेवट असतो
आणि तो बघायला मिळणार, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं.

माझी सगळी नोकरी तो शेवट न बघण्याची.
आमच्या खात्यात कुणालाच तो बघायचा नव्हता,
त्याचाच आम्हाला पगार.

हेत्वी जमिनीवर पालथी, कान पुलाच्या पोटाशी.
"थोभो," ती म्हणाली. "आ बोले छे."

सगळे वाकले. खरंच.
कुठल्यातरी गाठीतून बारीक कुरकुर,
जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखी.
तोडायचा की ठेवायचा यावर भांडण झालं,
दोन भाषांत, एका पट्टी सुटलेल्या बोटासकट.
मी मध्ये पडले नाही.
शेवटी अन्वितने हातातलं माप खाली ठेवलं,
रागाने, मगरीच्या पाठीवर.

मग एकेक वजन उतरवलं.
एक किलो. दोन. पुन्हा दोन.
आणि वाकलेला पूल वर आला,
फार नाही, नखभर,
जणू कुणी उशीवरून डोकं उचललं.
एकतीस वर्षं मी हे आकड्यांत उतरवून घेतलं होतं,
मिलिमीटरमध्ये, तळाच्या तक्त्यात.
डोळ्यांनी पाहिलं ते आज,
स्टुलाशेजारी गुडघे टेकून.

मापं परत गेली. दिवे लागले.
पुलाच्या तोंडाशी खाखऱ्याच्या खोक्याचा पुठ्ठा लटकतोय,
अन्वितच्या तिरक्या अक्षरात:
पाच किलो.
त्यापुढे पूल बोलतो.