कोमट

ड्रोन घेतला होता लग्नांसाठी.
बिडीच्या रस्त्यावरची कार्यालयं,
अक्षता पडताना वरून दिसणारे फेटे,
नवऱ्याची कार धुरळ्यातून येताना.
दोन हंगामांत हप्ते फिटले असते.

मग जांबोटीत, बस्त्यावच्या हॉटेलात
विरूपाक्ष कंत्राटदार म्हणाला,
"अंधारात दिसणारा कॅमेरा मी देतो. तू उडीव फक्त.
नुसतं बघायचं की रे. बघण्यात काय पाप हाय?"

पहाटे साडेचार. चापोलीच्या वरचा सडा.
स्क्रीनवर जंगल काळं, थंड,
त्यात ऊब तेवढी पांढरी.
नाल्यापलीकडं गव्यांची रांग.
डुकरं, पिशवी फाटून सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी.
एक ठिपका झाडात उंच, शेकरू असेल.
आणि अंजनीखाली एकटं,
पाय मुडपून बसलेलं
भेकर.

मष्णूमामा जीपला टेकून उभा होता.
चाळीस वर्षांचा हाकारी.
वाट दाखवायला म्हणून आणला होता,
आता त्याला कुणी काही विचारत नव्हतं.
लेंडीवर पालथा हात ठेवून तो सांगायचा,
कोमट हाय, आत्ताच गेलंय.
वारा कुठला ते कानाच्या पाळीला कळायचं.
दहातनं सात खेपा रिकाम्या जायच्या,
आणि मामी चूल फुंकत म्हणायची,
बरं झालं, जनावर तुमच्यापेक्षा शहाणं निघालं.

स्क्रीनकडं बघत तो हळूच बोलला,
माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही,
"पाचोळा वाजला की ते पळतं.
वास आला की पळतं.
हे वरनं बघूलालंय. त्येला हे कोण शिकवणार?"

भेकरानं कान हलवले होते, एकदाच.
भुणभुण ऐकली असेल,
आग्या माश्या असतील म्हणून सोडून दिली असेल.

"खालती घे. आणिक खालती."
मी घेतला.
बोट माझंच होतं,
लग्नात वरातीवर उतरवतो तसाच उतरवला, अलगद.
विरूपाक्ष फोनवर कन्नडात माणसं सरकवत होता,
बलक्के, बलक्के,
आणि स्क्रीनवर तीन पांढरे ठिपके
उजवीकडं सरकत होते, चौथ्याकडं.

बार आम्हाला उशिरा ऐकू आला.
स्क्रीनवर ते आधीच आडवं झालं होतं.
त्याच्या पोटाखालून काहीतरी पांढरं बाहेर आलं,
क्षणभर मला वाटलं, पिल्लू.
ते पसरलं.
मग कडेनं करडं होत गेलं,
मग जमिनीच्या रंगाचं.
भेकर मात्र पांढरंच राहिलं बराच वेळ.
रेकॉर्डिंग चालू होतं. बंद करायचं सुचलं नाही.

बॅटरी उतरली की ड्रोन आपसूक वळतो,
जिथनं उडाला तिथं येऊन बसतो.
आला. बसला.
पंखे थांबल्यावर मामा खाली वाकला,
त्याच्या पोटाशी पालथा हात लावला.
"कोमट हाय," म्हणाला.

तीन हजार मिळाले. वर एका पिशवीत वाटा.
पिशवी मी मामाला दिली.
त्यानं घेतली, न बोलता,
आणि शिवारातल्या वाटेनं चालत गेला, जीपमध्ये नाही बसला.

रविवारी हलशीला लग्न होतं.
कॅमेरा बदलला, कार्डही बदललं.
मांडवावर ड्रोन आला तशी पोरं ओरडली,
नवरीनं मुंडावळ्या सावरत वर बघितलं,
हात हलवला.
मग तिच्या बहिणींनी, मग आचाऱ्यानं, मग सगळ्या मांडवानं.
माना वर करून उभी ती सगळी माणसं.
मी वर नेत राहिलो.
नवरीचा भाऊ खांद्यावरून डोकावला,
"एवढ्या वरती कशाला गा?
चेहरे दिसनात की."