विचाराधीन

लिएपायाच्या नगरपालिकेत, तळमजल्यावर,
आवक-जावकच्या खिडकीशी मी बसतो.
अठरा वर्षं. दारातून आधी वारा आत येतो,
मग माणूस.

आउस्मा काल्वे यायची महिन्याच्या पहिल्या मंगळवारी,
बगलेत कागदांची सुरळी,
बुटांना ट्रामच्या रुळांमधला चिखल.
शहर सुधारायला निघालेली बाई,
पण पूल नको, पुतळा नको.
तिचं मागणं असायचं वीतभर.

पहिला अर्ज बाकाचा.
पाठ उलटवता येणारा बाक:
समुद्राकडून वारा सुटला की शहराकडे तोंड करून बसा,
पडला की समुद्राकडे.
मी शिक्का मारला. वरून शेरा आला:
निधी नाही.

दुसरा, इस्पितळासमोरच्या सिग्नलचा.
तीन दिवस ती तिथे घड्याळ घेऊन उभी होती.
हिरवा दिवा एकोणीस सेकंद.
वेल्टाबाईंना, नव्या गुडघ्यासकट, लागतात एकतीस.
"उरलेले बारा सेकंद त्या कुणाच्या भरवशावर चालतात?"
असं अर्जातच लिहिलेलं.
शेरा: भाषा अर्जास शोभणारी नाही.

मग थांब्यांचं निघालं.
बाजारातून येणारी माणसं, दोन्ही हातांत पिशव्या,
पायाशी अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा.
धुरावलेला मासा ठेवायचा कुठे?
तिकीट आतल्या खिशात, आणि नाक गळतंय.
तिनं हूक मागितले. थांब्याला सात,
त्यातला एक शाळकरी पोरांच्या उंचीवर.
शेरा: विचाराधीन.
आमच्याकडे विचाराधीन म्हणजे काय,
हे आउस्माला सांगावं लागलं नाही.

ऑक्टोबरअखेर एका सकाळी हूक दिसले.
पितळी, थोडे तिरके, कुठल्या तरी जुन्या बोटीवरचे.
कुणी लावले, मला विचारू नका.
तिच्या अंगठ्याला पट्टी होती, एवढंच मी पाहिलं.

लोकांनी पिशव्या टांगल्या, एक-दोन दिवस.
मग कुणाचा तरी सांडलेला हातमोजा.
डावा, मोहरीच्या रंगाचा.
मग आणखी एक. मग विणलेली टोपी,
चाव्यांचा जुडगा,
आणि जाळीच्या पिशवीत सफरचंदं, चिठ्ठीसकट:
"यंदा झाडाला आवरेना. न्या."
आउस्मा जरा चिडलीच.
"ते पिशव्यांसाठी होते हो," म्हणाली.
मग खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "असू दे."

तक्रार आली. यायचीच होती.
अनधिकृत वस्तू, रस्त्याच्या शोभेस बाधा.
पाहणीला मला धाडलं, दुसरं कुणी जाईना म्हणून.

डिसेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेले.
एका हातात वही, दुसऱ्यात बायकोनं सांगितलेली बिटं,
आणि वारा असा, की कोटाची वरची दोन बटणं
निघाल्यापासून उघडी ती उघडीच.
मी बिटं टांगली. मग वहीही टांगली.
दोन्ही मोकळ्या हातांनी बटणं लावली,
सावकाश, खालून वर.
शेजारी एक म्हातारा एकेक हातमोजा उतरवून
घालून पाहत होता, बसत नव्हता,
पुन्हा अडकवत होता जागच्या जागी,
बोटं सरळ करून.

अहवालात लिहिलं:
"स्थळपाहणी केली. वाऱ्यामुळे मोजमाप अपूर्ण.
पुन्हा जावे लागेल."
हेच मी फेब्रुवारीत लिहिलं. एप्रिलमध्येही.
या गावात वारा कमी पडत नाही.
फाईल माझ्या खणात आहे,
शेरा तोच, अक्षर माझं.

काल मंगळवार. आउस्मा आली.
या खेपेला डबक्यांचा नकाशा:
एकशे चार डबकी, प्रत्येकाची खोली बोटांत.
मी आवक क्रमांक घातला, शिक्का उचलला,
आणि विचारलं,
पोस्टाच्या कोपऱ्यावरचं धरलंय का?

तिनं खिशातून पेन्सिल काढली.