रकाना क्रमांक चार

शनिवारी रात्री टर्फवरचे दिवे विझेनात,
म्हणून रविवारी सकाळी आम्ही अर्ज लिहिला.
विषय : येऊरमधील गोंगाट.
खाली ठळक अक्षरांत : आम्ही स्थानिक रहिवासी.
शब्द प्रधानांचे.
त्यांचा बंगला सर्वांत जुना, अठ्ठ्याण्णवचा.
माझा दोन हजार अकराचा, फाटकावर 'माहेर',
आत डोंबिवलीहून आलेली मी आणि माझा दमा.

नाव, पत्ता, सही,
आणि चौथा रकाना : कधीपासून.
तो मी सुचवला.
वाटलं, वर्षं दिसली की अर्जाला वजन येईल.

सत्तावीस सह्या झाल्या.
मग कुणीतरी म्हणालं,
पाड्यावरच्याही चार-दोन घ्या, बरं दिसतं.

वाटेत पाट्या वाचत गेले.
चुलीवरचं गावरान. मातीतलं जेवण.
एका हॉटेलच्या भिंतीवर तारप्याभोवती नाचणारी पांढरी माणसं,
सांगलीच्या पोराने साचा लावून काढलेली,
सगळ्यांचा डावा पाय एकाच मापाने वर.

चैती दुमाडा अंगणात शेवळांच्या जुड्या बांधत होती.
मी अर्ज वाचत गेले,
ती ऐकत गेली. जुडी, दोरा, गाठ.
कर्ण्यांच्या कलमाला तिने मान हलवली.
पाचव्याला हात थांबला :
जंगलातून लाकूडफाटा आणण्यास सक्त मनाई असावी.
"ह्यो कोनच्या चुलीचा? आमच्या?"
हॉटेलवाल्यांच्या, मी म्हटलं.
तसं लिहिलेलं नव्हतं.

"माझा थोरला तठंच कामाला," ती म्हणाली.
"दिवे तोच लावतो.
इझवतो पन तोच, तुमी निजल्यावर."

मग बोट ठेवून विचारलं,
या खान्यात काय लिवायचा?
किती वर्षं राहता ते.
माझी तयारी होती : पिढ्या, वाघोबा,
नावावर न चढलेली जमीन.
तिच्या वतीने सगळं मनात लिहून झालं होतं.

ती बोटांवर मोजत राहिली.
"मी मोखाड्याची. लगीन होऊन आले
मोठा पूर आला त्याच्या पुढल्या साली.
म्हंजी तुमच्याहून पाच वर्सं जास्ती."
आणि हसली.
"लिवा, मी पन भायेरची."

आणि मालक?
"तो अठलाच. पन कार्डावर नाव चुकलंय,
रातचं चौकीवर अडवतात."
चौकीवरचा मुलगा जालन्याचा,
गेल्या महिन्यात लागलेला.
माझ्या गाडीच्या काचेवर स्टिकर आहे.
तो दुरूनच दांडा वर करतो.

पेन तिने विळ्यासारखं मुठीत धरलं.
रात्रीच्या वर्गात शिकलेलं नाव
थांबत, दाबत लिहिलं.
चैती पत्त्यातून गेली,
दुमाडा सहीतून,
आणि शेवटचा काना
चौथ्या रकान्यात जाऊन उभा राहिला.
तिथे आता दुसरं काही मावत नाही.

अर्ज माझ्याकडेच आहे अजून, फ्रिजवर, बिलांखाली.
प्रधानांचे दोन फोन येऊन गेले.

निघताना दोन जुड्या घेतल्या.
तिने भाव सांगितला, जांभळी नाक्याचा.
मी मुकाट पैसे दिले, वर दहा रुपये सोडले,
आणि उतारावर येईपर्यंत चुटपुट लागली.
घासाघीस करायला हवी होती.
शेजारी करतात.