एक कमी

भोंगा झाला. लाइफबोटीपाशी
आम्ही एकशे अकरा उभे,
फळ्यावर बिल्ले एकशे बारा.

ओड्वार पुन्हा मोजतो,
बोटानं, ओठांनी. सरावच आहे हे
सगळ्यांना ठाऊक, तरी कुणी हसत नाही.
खाली उत्तर समुद्र, चार अंश.

धुलाईची खोली पाहिली, क्रेनची केबिन, शीतघर.
मी स्वयंपाकी; हाताला पीठ तसंच.
आणि एकदम लक्षात आलं,
माझ्या सूपला रोज नावं ठेवणारा
तो पंपवाला कुठं दिसत नाही.

चाळीस मिनिटांनी हाउगेसुंडहून निरोप:
टोर्लाइफ कालच्याच हेलिकॉप्टरनं घरी गेला,
मुलीच्या सायकलची चेन बसवतोय.
बिल्ला काढायचा राहिला.

ओड्वारनं तो खिळ्यावरून उतरवला.
शिवी घातली नाही.
बराच वेळ मुठीत धरून उभा राहिला,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
सूपात मीठ कमी होतं आज.