दोनातला एक

अंबडच्या एमआयडीसीत, रात्रीचे पावणेदोन.
शेजारच्या शेडमधला प्रेस थांबलाय,
म्हणून आमचा पंखा किती खरखरतो ते आज कळलं.

टेबलावर पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधून आलेला बोर्ड,
कडेला द्राक्षाच्या पेटीचा गुलाबी कागद चिकटलेला.
सेन्सरची तार बोटानं हलवते.
पहिल्या निरोपाला तो मान डोलावतो,
दुसऱ्याला गप्प.
पडद्यावर तरीही : दीड अंश. दीड अंश. दीड अंश.
हिरव्या अक्षरांत, न अडखळता.

गांगुर्डे मामा सोमवारीच म्हणाले होते,
"मॅडम, तुमचा आकडा दीड म्हणतो,
माझी मनगटं नऊ म्हणतात."
मी म्हटलं, आकडा बघा.

बसवर दोन निरोप जातात :
कुठलं पान उघडायचं, हा एक;
त्यावर काय लिहिलंय, हा दुसरा.
खालचा ड्रायव्हर इमानी आहे, किती पोचले ते मोजून सांगतो.
सोमवारी त्यानं सांगितलं, एक.
मंगळवारी, एक.
आणि वरची ओळ
(माझीच, दिवाळीच्या सुट्टीआधी घाईत लिहिलेली)
एवढंच विचारायची : शून्याखाली तर नाही ना?
नाही.
मग ठीक.
मग कालचंच दीड गरम करून वाढ पानात.

एक चिन्ह खोडलं. एक आकडा बदलला.
दोन नसतील, तर ते काम झालेलं नाही.
वर जाऊन सांग : उणे पाच.
ही थंडी नव्हे, हे तापमानच नव्हे,
एवढाच अर्थ की पोचलं नाही, मला माहीत नाही.
'माहीत नाही' म्हणायला
या यंत्राला मी शिकवलंच नव्हतं.

सकाळी नऊला बोरस्ते साहेबांचा फोन :
"अकरा खोल्यांपैकी चार लाल झाल्यात!
काल रात्रीपर्यंत सगळं हिरवं होतं.
काय बिघडवलंत तुम्ही?"
पाथर्डी फाट्यावर, चहाचा ग्लास हातात,
मी सुरुवात केली, साहेब, काल जे हिरवं होतं ना...
आणि पुढचं वाक्य जुळेना.

दुपारी मामांचा निरोप आला, पूर्ण :
सात नंबरची तार सैल होती, आवळली.
आता तुमचा आकडाही नऊ म्हणतो.
तळातल्या पेट्या मऊ पडल्यात, बाहेर काढतोय.
दार लावून घेतो.
दीडवर यायला रात्र होईल.