वेळ न घेता आलेले

टाकी दातांच्या दवाखान्यात आहे, सॅस्काटूनला.
इथून समुद्राकडे कुठूनही निघा,
दोन दिवस गाडी हाकावी लागते.

खडक नोव्हेंबरात आला, टोंगाहून,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात.
पावतीवर फक्त वजन: सहा किलो दोनशे ग्रॅम.
आत कोण बसलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही.

माझं काम नावं लिहून घ्यायचं.
कोण, किती वाजता, कुठली दाढ.
एकोणीस वर्षं या टेबलाशी बसते आहे
आणि वेळ न घेता आलेल्याला
सहसा आत सोडत नाही.

पहिला दिसला तो केस होता.
वाटलं माझाच, पिकलेला, पाण्यात पडला असेल.
काढायला बोट घातलं
तर सुर्रकन आखडून भोकात गेला.
दुसऱ्या दिवशी तसे अकरा,
वाळू चाचपत, कण कण आत ओढून नेणारे,
सगळे एकाच किड्याचे.
तो स्वतः अजून कुणाला भेटलेला नाही.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं.
पुस्तक म्हणालं, दिवसा बघून उपयोग नाही.
मग चॉकलेटच्या डब्याचा लाल कागद
टॉर्चला रबरबँडने बांधला;
लाल उजेड त्यांना अंधारासारखाच वाटतो म्हणे.
साडेपाचला दार बंद. बाहेर उणे एकतीस.
मी कोट न काढता खुर्ची टाकीपाशी ओढते.

आठ पाट्यांचं चिलखत घातलेली एक, नखाएवढी,
दगडाला अशी चिकटलेली की दगडच.
काल डावीकडे होती.
एक चांदणी, तीन पाय लांब, दोन तोकडे.
पुस्तक म्हणतं, ही स्वतःला फाडून दोन होते
आणि उरलेले पाय सावकाश काढते.
बहिणीला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, व्हर्ना, तू जेवलीस का?

डॉक्टर प्रोकोपचुकना जे तपकिरी फूल फार आवडलं
ते फूल नव्हतं.
एक उपटलं की तीन उगवतात.
त्यांना सांगितलं तेव्हा ते एका अक्कलदाढेत होते, वर न बघता म्हणाले,
मग उकळून घे खडक.

उकळलेला खडक टाकीत शोभतो.
कवळीही शोभते.
मी मान डोलावली आणि किटली
फक्त कॉफीपुरती लावली.

आवाज मात्र मी पकडला नाही.
थोरवाल्डसन आजोबांनी पकडला,
चाळीस वर्षं गव्हाच्या कोठारात काढलेले,
कानातलं यंत्र त्याच आठवड्यात नवं बसवलेलं.
मासिक खाली ठेवून म्हणाले,
तुमच्या टाकीत कोणीतरी बोटं मोडतंय.
मी विचारलं, कुणाच्या नावाने?
ते इतके हसले की भूल द्यायला थांबावं लागलं.

पुस्तकात दोन संशयित.
एकाच्या हातात हातोडा, एकाच्या बोटात बंदूक.
दुसरा निरुपद्रवी. पहिला, मनात आलं तर, काच फोडतो.
वाळूवर एक गोगलगाईचं रिकामं शंख सापडलं,
कडेला टवका गेलेलं;
ते आधीपासून तसंच होतं की काय, कोण सांगणार.
बाटलीचा सापळा लावला, आत कोळंबीचा तुकडा.
सकाळी तुकडा नव्हता. बाटलीत कोणी नव्हतं.

रजिस्टरच्या मागच्या पानांवर मी त्यांना घेतलंय,
पेन्सिलीने, खोडता यावं म्हणून.
केसवाला. चिलखतवाली. तोकडी चांदणी.
एकाच्या पुढे नुसती वेळ:
सहा चाळीस. सात पाच. पुन्हा सात पाच.

काल टॉर्च विझवून बसले.
पंपाची घरघर, बर्फ ढकलणारी गाडी गेली,
मग अगदी जवळून, गुडघ्याशी,
टक्.
सात बावीस, मी अंधारातच लिहिलं,
आणि सवयीने म्हणाले, बसा.

तेव्हा आठवलं, गाडीचं इंजिन
गरम राहायला प्लगला लावायचं राहून गेलंय.